सुटलेला तिसरा स्ट्राइक

सुटलेला तिसरा स्ट्राइक : सॉफ्टबॉल व बेसबॉल या खेळांतील, फलंदाज केव्हा बाद होतो यासंबंधीचा एक जुना नियम. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो, अशी या खेळांविषयी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाने बॅट फिरवूनही चुकविला, अथवा योग्य कक्षेतून गेलेला चेंडू त्याने खेळलाच नाही, तर पंच स्ट्राइक देतो. असा तिसरा स्ट्राइक ठरलेला चेंडू होम प्लेटमागे बसलेल्या कॅचरने जमिनीला लागण्यापूर्वी झेलला, तरच फलंदाज जागच्या जागी बाद होतो. चेंडू कॅचरच्या हातून सुटला, त्याला ओलांडून मागे गेला किंवा टप्पा पडून त्याच्या हाती आला, तर विशिष्ट परिस्थितीत फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावता येते आणि त्याला बाद करण्याचे काम क्षेत्ररक्षक संघाकडे शिल्लक राहते.

नवख्या प्रेक्षकाला हा नियम चुकलेल्या फलंदाजाला दिलेल्या सवलतीसारखा वाटतो. इतिहास मात्र निराळा आहे. ही सवलत पुढे कोणी जोडलेली नसून खेळाच्या मूळ रचनेचा तो उरलेला अंश होय. या रचनेत फलंदाज तीनदा चुकला म्हणून बाद होत नसे. त्याचा चेंडू कोणीतरी झेलला, किंवा बेस गाठण्यापूर्वी त्याला अडविले, म्हणून तो बाद होई. तिसऱ्या स्ट्राइकने फलंदाजाची संधी संपते. त्याला बाद करण्याचे कार्य मात्र प्रतिपक्षाला पूर्ण करावे लागते. हा भेद ध्यानात घेतला की या नियमाची क्लिष्ट वाटणारी कलमे उलगडतात.

नियमाचे स्वरूप : प्रचलित नियमानुसार फलंदाजाला दोन परिस्थितींत धावता येते. पहिल्या बेसवर धावक नसेल, तर त्या डावात किती गडी बाद झाले आहेत याचा विचार न करता तो धावू शकतो. पहिल्या बेसवर धावक असेल, तर मात्र दोन गडी आधीच बाद झालेले असले पाहिजेत. उलटपक्षी, पहिल्या बेसवर धावक असून एकही गडी बाद नसेल किंवा एकच बाद असेल, तर चेंडू झेलला गेला नसला, तरी तिसऱ्या स्ट्राइकबरोबर फलंदाज बाद होतो. पहिला बेस व्यापलेला आहे की मोकळा, हे चेंडू टाकण्याच्या क्षणी पाहिले जाते. त्यामुळे पहिल्या बेसवरील धावक त्याच चेंडूवर दुसऱ्या बेसकडे पळाला आणि पहिला बेस प्रत्यक्षात मोकळा झाला, तरी नियमाच्या दृष्टीने तो व्यापलेलाच राहतो.

धावत सुटलेल्या फलंदाजाला दोन प्रकारे बाद करता येते : हातातील चेंडूने त्याला स्पर्श करून, अथवा तो पोहोचण्यापूर्वी चेंडू पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षकाकडे फेकून. तिन्ही बेसवर धावक असून दोन गडी बाद असतील, तर आणखी एक मार्ग खुला होतो. फलंदाज धावक बनल्यामुळे तिन्ही धावकांना पुढचा बेस गाठणे भाग पडते. अशा वेळी कॅचरने सुटलेला चेंडू उचलून होम प्लेटवर पाय ठेवला की तिसऱ्या बेसवरून येणारा धावक बाद होतो व डाव संपतो. हे ठाऊक नसलेला कॅचर घाईने पहिल्या बेसकडे लांब फेक करतो, ती चुकते आणि धावा जातात. शालेय स्पर्धांत हे दृश्य विरळा नाही.

नियमाच्या नावातील ‘सुटलेला’ हा शब्द थोडा फसवा आहे. कॅचरच्या हातून काहीच सुटले नसले, तरी चेंडू टप्पा घेऊन आलेला असल्यास तो झेल ठरत नाही. फलंदाजाने बॅट फिरविली की नाही, यालाही महत्त्व नाही. न खेळता सोडलेल्या चेंडूवर पंचाने तिसरा स्ट्राइक दिला, तरी नियम तोच. याउलट बॅटला निसटता स्पर्श होऊन चेंडू थेट कॅचरच्या हाती गेला व त्याने तो पकडला, तर फलंदाज बाद असतो. तो पकडला गेला नाही, तर केवळ फाउल धरला जाऊन फलंदाजाची संधी कायम राहते. तेथे धावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मैदानावरील निम्मे वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात.

उगम : या नियमाचा सर्वांत जुना ज्ञात आढळ अमेरिकेत नव्हे, तर जर्मनीत होतो. शारीरिक शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक योहान क्रिस्टोफ फ्रीड्रिख गूट्समूथ्स (१७५९–१८३९) यांनी मुलांच्या खेळांवरील आपल्या ग्रंथात (१७९६) ‘इंग्लिश बेसबॉल’ या खेळाचे वर्णन केले आहे. त्यात चेंडू टाकणारा गडी फलंदाजापासून अवघ्या पाचसहा पावलांवर उभा राहून चेंडू हळुवार, कमानदार मार्गाने टाकीत असे. फलंदाजाला तीन प्रयत्न मिळत. तिसऱ्या प्रयत्नात चेंडू बॅटला लागो वा न लागो, तो खेळात आला असे मानले जाई व फलंदाजाला धावावे लागे. म्हणजे तिसरी चूक ही एक प्रकारे दुबळा टोलाच समजली जात असे. चेंडू फलंदाजाच्या मागे जमिनीवर पडलेला असे, टाकणारा गडी जवळच असे; तो धावत जाऊन चेंडू उचली आणि धावकाला बाद करण्याचा प्रयत्न करी.

या व्यवस्थेमागील विचार सरळ आहे. खेळाचा आनंद धावण्यात व पाठलागात होता. फलंदाजाने चेंडू चुकविला म्हणून खेळ थांबविणे कोणालाच नको होते. तसेच एखाद्या अकुशल मुलाने अनंत काळ बॅट फिरवीत राहू नये, यासाठी कोठेतरी मर्यादा हवी होती. तीन प्रयत्नांनंतर त्याला धावावयास लावणे हा तिच्यावरील तोडगा होता. शिक्षा म्हणून तिसऱ्या स्ट्राइकची योजना झाली नव्हती.

पुढील टप्पा न्यूयॉर्कमधील निकरबॉकर बेसबॉल क्लबच्या नियमांत दिसतो. २३ सप्टेंबर १८४५ रोजी स्वीकारलेल्या या नियमांवर आधुनिक बेसबॉलची उभारणी झाली. त्यांनुसार तीन चेंडू चुकविल्यावर शेवटचा चेंडू झेलला गेला, तर फलंदाज बाद होई. झेलला गेला नाही, तर तो चेंडू वैध टोल्यासारखा मानून फलंदाजाने धावणे बंधनकारक होते. जुन्या खेळात नसलेला एक घटक येथे स्पष्टपणे अवतरला, तो म्हणजे झेल. फलंदाजामागे आता एक गडी नियमितपणे उभा राहू लागला होता आणि टोलविलेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद, हे तत्त्व चुकविलेल्या चेंडूलाही लागू झाले. त्या काळी पहिल्या टप्प्यावर घेतलेला झेलही ग्राह्य असे. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही, अशा स्थितीत कॅचर बराच मागे उभा राहून टप्प्यावर चेंडू पकडी, हे त्याला सोयीचेच होते.

मूळ नियमांत फलंदाजाने न खेळलेल्या चेंडूची गणना होत नसे. फलंदाज मनाजोगा चेंडू येईपर्यंत वाट पाहत राहू लागले, तेव्हा १८५८ मध्ये चांगला चेंडू सोडणाऱ्या फलंदाजास स्ट्राइक देण्याचा अधिकार पंचाला मिळाला. या बदलाने तिसऱ्या स्ट्राइकचा अर्थ हळूहळू पालटला. पूर्वी तो फलंदाजाच्या प्रयत्नांचा शेवट होता. आता त्याला दंडाचे रूप येऊ लागले. पिचरही केवळ चेंडू पुरविणारा राहिला नाही. वेग, वळण व फसवणूक यांच्या बळावर फलंदाजाला निष्प्रभ करणारा तो संघाचा प्रमुख गडी बनला. राष्ट्रीय लीगमध्ये १८८४ साली खांद्यावरून चेंडू टाकण्यास परवानगी मिळाल्यावर हे स्थित्यंतर पूर्ण झाले. हार्वर्ड येथे फ्रेड थेयर यांनी १८७७ च्या सुमारास सिद्ध केलेला मुखवटा व त्यानंतरच्या दशकात आलेले जाड हातमोजे यांमुळे कॅचर होम प्लेटच्या निकट सरकला. टप्प्यावर झेल घेण्याची मुभा टोलविलेल्या चेंडूंच्या बाबतीत १८६५ च्या हंगामापासून गेलेली होती. तिसऱ्या स्ट्राइकच्या बाबतीत ती १८८० च्या सुमारास गेली. तेव्हापासून चेंडू हवेतच झेलणे आवश्यक झाले.

मुद्दाम सोडलेला झेल : नियमातील सर्वांत गोंधळात टाकणारे कलम म्हणजे पहिल्या बेसवर धावक असतानाचा अपवाद. प्रशिक्षक तो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतात, पण त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. हे कारण कॅचरच्या चातुर्यात दडलेले आहे.

तिन्ही बेसवर धावक आहेत आणि एकही गडी बाद नाही, अशी कल्पना करावी. फलंदाज तिसरा चेंडू चुकवितो. कॅचरने तो झेलला, तर एक गडी बाद होतो व धावक जागच्या जागी सुरक्षित राहतात. परंतु कॅचरने चेंडू जाणूनबुजून पायाशी पाडला, तर? फलंदाज धावक बनतो. त्याच्यासाठी पहिला बेस मोकळा करणे तेथील धावकाला भाग पडते, त्याच्यामुळे पुढच्याला, आणि त्याच्यामुळे तिसऱ्या बेसवरील धावकालाही. यांपैकी कोणीही धावण्याच्या तयारीत नसतो. चेंडू झेलला जाणार असेच त्यांनी गृहीत धरलेले असते. कॅचर चेंडू उचलतो, होम प्लेटवर पाय ठेवतो, तिसऱ्या बेसकडे फेकतो. तेथील क्षेत्ररक्षक दुसऱ्या बेसकडे फेकतो. क्षणार्धात तीन गडी बाद होऊन डाव संपतो. ज्या संघाने सहज मिळणारा झेल सोडला, त्याला एकाऐवजी तीन बळी मिळतात. धावकांपुढे बचावाचा मार्ग नसतो : बेस सोडावा, तर झेल घेतला गेल्यावर परतण्याची भीती, न सोडावा, तर झेल सुटल्यावर पुढे अडकण्याची. १८७० च्या दशकात कसलेले कॅचर ही युक्ती राजरोस योजीत असत आणि ती नियमबाह्य नव्हती.

पिचरचा वेग व कॅचरचे कौशल्य जसजसे वाढले, तसतसा हा डावपेच अधिक सोपा आणि अधिक अन्याय्य झाला. नियमकर्त्यांपुढे दोन पर्याय होते. तिसऱ्या स्ट्राइकवर फलंदाज सरसकट बाद ठरवून जुना नियम रद्द करणे हा एक. फसवणुकीला जेथे वाव आहे तेवढाच भाग कापून काढणे हा दुसरा. त्यांनी दुसरा स्वीकारला. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पहिल्या बेसवर धावक असल्यास फलंदाज बाद धरावा, असे कलम आले; दोन गडी आधीच बाद असताना मात्र ते लागू नाही. हा उपअपवादही तर्कशुद्ध आहे. दोन गडी बाद असताना झेल घेतला तरी डाव संपतोच. चेंडू मुद्दाम पाडून क्षेत्ररक्षकांना अधिक काहीच मिळण्यासारखे नसते. जेथे फसवणुकीचा लाभ नाही, तेथे संरक्षणाचीही गरज नाही, म्हणून तेथे मूळ नियम पुन्हा चालू होतो. १८९५ मध्ये आलेला ‘इनफील्ड फ्लाय’चा नियम याच विचारसरणीचा आहे, क्षेत्ररक्षकाने सोपा उंच झेल मुद्दाम सोडून धावकांना कोंडीत पकडू नये, यासाठी तेथेही फलंदाजाला आधीच बाद घोषित केले जाते. हे दोन नियम शेजारी ठेवून शिकविल्यास दोन्ही सुगम होतात. नियमपुस्तिकांत मात्र ते बहुधा दूरदूर आढळतात.

सॉफ्टबॉलमधील रूप : सॉफ्टबॉलचा जन्म २४ नोव्हेंबर १८८७ रोजी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून केलेला चेंडू व झाडूचा दांडा यांनिशी झाला, असे मानतात, जॉर्ज हॅनकॉक हे या खेळाचे जनक. पुढे १८९५ मध्ये मिनीॲपोलिस येथील अग्निशामक दलातील लूइस रोबर यांनी तो मोकळ्या मैदानावर आणला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकनसन यांनी सुचविले, तर १९३३ साली अमेरिकेत हौशी सॉफ्टबॉल संघटना स्थापन होऊन पुढील वर्षापासून नियमांच्या एकीकरणास सुरुवात झाली. बेसबॉलमध्ये घडत आलेला नियम सॉफ्टबॉलला अशा प्रकारे तयार स्थितीत लाभला.

असे असले, तरी तो सॉफ्टबॉलच्या एकाच शाखेत रुजला. वेगवान पद्धतीत हा नियम आहे. १९५० नंतर अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झालेल्या संथ पद्धतीत नाही. संथ पद्धतीत चेंडू उंच कमानीने टाकला जातो आणि फलंदाजाने तो टोलविला नाही, तर पुढील चेंडूपर्यंत खेळ थांबतो. चेंडू मृत झाल्यावर तो झेलला काय अन् सुटला काय, सारखेच. कमानदार व संथ चेंडूच्या ज्या खेळात या नियमाचा उगम झाला, त्याच्याशी दिसण्यात अधिक जवळ असलेल्या शाखेनेच तो टाकून द्यावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. अगदी लहान मुलींच्या काही स्पर्धांतही तो वगळतात. कारण त्या वयात कॅचरच्या हाती चेंडू क्वचितच राहतो आणि जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या स्ट्राइकवर धावाधाव सुरू होते.

वेगवान सॉफ्टबॉलमध्ये या नियमाला बेसबॉलपेक्षाही अधिक धार आहे. याचे कारण मैदानाच्या मापांत आहे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर २७·४३ मी. (९० फुट) असते, सॉफ्टबॉलमध्ये १८·२९ मी. (६० फुट). पिचर व होम प्लेट यांमधील अंतर बेसबॉलमध्ये १८·४४ मी., तर महिलांच्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलमध्ये १३·११ मी. (४३ फुट) आहे. पिचर हात चक्राकार फिरवून खालून चेंडू सोडते आणि होम प्लेटजवळ येताच खाली बुडणारा चेंडू हे तिचे एक हुकमी अस्त्र असते. फलंदाज चकते ती बहुधा याच चेंडूवर, आणि हाच चेंडू कॅचरच्या पुढ्यात टप्पा घेतो. म्हणजे पिचरचे यश आणि कॅचरची अडचण एकाच चेंडूतून निर्माण होतात. त्यात पहिला बेस जवळ असल्याने चपळ फलंदाजास तेथे पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. कॅचरला मुखवट्याआडून चेंडू शोधून, उचलून, धावत्या फलंदाजाच्या अंगावरून न जाणाऱ्या रेषेत तो फेकावा लागतो. टक्कर टाळण्यासाठी पहिल्या बेसला जोडून बाहेरच्या बाजूस नारिंगी रंगाचा दुसरा बेस ठेवण्याची आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलमधील पद्धत अशा वेळी उपयोगी पडते.

वेगवान सॉफ्टबॉलमध्ये स्ट्राइकवर बाद होणाऱ्यांची संख्याही मोठी असते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या लिसा फर्नांडेझ हिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात २५ फलंदाजांना अशा रीतीने बाद केले, तरीही तेरा डावांपर्यंत लांबलेला तो सामना अमेरिका १–२ असा हरली. एवढ्या तिसऱ्या स्ट्राइकांपैकी प्रत्येक कॅचरच्या हातात सुरक्षित बसावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे कॅचरच्या कामाचे मोल समजते.

काही प्रसिद्ध प्रसंग : बेसबॉलच्या इतिहासात या नियमाने गाजलेला सर्वांत मोठा प्रसंग ५ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्रुकलिनमधील एबेट्स फील्डवर घडला. जागतिक मालिकेच्या चौथ्या सामन्यात ब्रुकलिन डॉजर्स हा संघ न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्ध ४–३ असा पुढे होता. नवव्या डावात दोन गडी बाद, बेसवर कोणी नाही, आणि फलंदाज टॉमी हेन्रिक याच्याविरुद्ध दोन स्ट्राइक झालेले. ह्यू केसीच्या एकदम वळलेल्या चेंडूवर हेन्रिकने बॅट फिरविली व चेंडू चुकविला. पंचाने स्ट्राइक दिला. सामना संपला, मालिकेत २–२ अशी बरोबरी झाली, असे क्षणभर सर्वांना वाटले. पण चेंडू कॅचर मिकी ओएन (१९१६–२००५) याच्या हातमोज्याला लागून मागे घरंगळला आणि हेन्रिक पहिल्या बेसवर पोहोचला. त्यानंतर जो डीमॅजिओचा यशस्वी टोला, चार्ली केलरचा दोन बेसचा टोला व त्यावर दोन धावा, मग बिल डिकीला मिळालेला मोफत बेस आणि जो गॉर्डनचा आणखी दोन धावा देणारा टोला, अशी मालिका लागली. यांकीज ७–४ असे जिंकले व दुसऱ्याच दिवशी त्यांनी विजेतेपद मिळविले. तो चेंडू साधा वळणारा होता की निषिद्ध असा ओला केलेला, याविषयी पुढे बराच खल झाला. नोंदवहीत चूक ओएनच्या नावे लागली आणि त्याच्या पुढील दीर्घ आयुष्यात त्याची ओळख या एका चेंडूनेच दिली जात राहिली. वस्तुतः त्यानंतरचे चार फलंदाज केसीला रोखता आले नाहीत. एकट्या कॅचरला दोष देणे न्याय्य नव्हते.

२००५ चा प्रसंग वेगळ्या कारणासाठी उद्‌बोधक आहे. १२ ऑक्टोबर रोजी शिकागो व्हाइट सॉक्स व लॉस अँजेल्स एंजल्स यांच्यातील अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना नवव्या डावात १–१ असा बरोबरीत होता. दोन गडी बाद असताना ए. जे. पिर्झिन्स्कीने खाली आलेला तिसरा चेंडू चुकविला. कॅचर जॉश पॉल याने आपण तो झेलला असे समजून चेंडू मैदानाच्या मध्याकडे घरंगळत सोडला व तो तंबूकडे निघाला. पंच डग एडिंग्ज यांनी मूठ वळून खूण केली होती. ती फलंदाज बाद असल्याची की केवळ स्ट्राइकची, हे स्पष्ट नव्हते. पिर्झिन्स्की दोन पावले परत फिरला होता, पण शंका येताच तो पहिल्या बेसकडे धावला. त्याच्या जागी आलेल्या धावकाने दुसरा बेस पळविला आणि जो क्रीडीच्या टोल्यावर सामना २–१ असा संपला. शिकागोने पुढे ती मालिका व जागतिक मालिकाही जिंकली. येथे खरा प्रश्न झेल सुटला की नाही हा नव्हता, तर पंचाने आपला निर्णय सर्वांना कळेल असा दिला की नाही हा होता. चेंडू झेलला गेला नसेल, तर पंचाने तसे मोठ्याने व निःसंदिग्धपणे सांगावे, यावर तेव्हापासून अधिक भर दिला जातो.

जपानमध्ये या नियमाला ‘फुरिनिगे’ असे नाव आहे. ‘बॅट फिरवून पळणे’ असा त्याचा अर्थ. न खेळलेल्या चेंडूलाही नियम लागू असल्याने हे नावही काटेकोर नाही, पण ते ‘सुटलेला स्ट्राइक’ या नावापेक्षा अधिक चित्रमय आहे. २००७ मध्ये कानागावा प्रांताच्या शालेय बेसबॉल स्पर्धेतील उपांत्य सामन्यात तोकाई विद्यापीठाच्या सागामी शाळेचा फलंदाज तोमोयुकी सुगानो याने दोन गडी बाद असताना तिसरा चेंडू चुकविला. चेंडू टप्पा घेऊन कॅचरकडे गेला होता. योकोहामा शाळेचे खेळाडू डाव संपला असे समजून मैदान सोडू लागले. फलंदाजाला कोणी स्पर्श केला नाही, की चेंडू पहिल्या बेसकडे टाकला नाही. बेसवरील दोन धावक आणि स्वतः सुगानो असे तिघेही होम प्लेटवर परतले आणि एका चुकविलेल्या चेंडूवर तीन धावा मिळाल्या. सागामी शाळेने तो सामना ६–४ असा जिंकला. सुगानो पुढे जपानमधील नामवंत व्यावसायिक पिचर झाला.

आकडेवारीतील विसंगती : धावून पहिला बेस गाठणारा फलंदाज बाद होत नाही, तरीही पिचरच्या खात्यावर एक स्ट्राइक-बळी आणि फलंदाजाच्या खात्यावर तसेच अपयश नोंदले जाते. परिणामी तीन बळींच्या डावात चार फलंदाज स्ट्राइकवर गेल्याची नोंद होऊ शकते. १८८८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या एड क्रेनने असा पराक्रम केला. जागतिक मालिकेत तो एकदाच, १९०८ साली शिकागो कब्जच्या ऑर्व्हल ओव्हरॉल याच्याकडून घडला. ५ मे २०२१ रोजी बाल्टिमोर ओरिओल्सच्या जॉन मीन्सने सिअ‍ॅटल मरिनर्सविरुद्ध एकही यशस्वी टोला दिला नाही, एकही मोफत बेस दिला नाही, कोणाच्या अंगावर चेंडू मारला नाही आणि त्याच्या संघाकडून चूकही झाली नाही. तरीही त्याला निर्दोष सामन्याचा मान मिळाला नाही. तिसऱ्या डावात त्याचा एक तिसरा स्ट्राइक कॅचरला चकवून गेला आणि फलंदाज सॅम हॅगर्टी पहिल्या बेसवर पोहोचला. दुसरा बेस पळविण्याच्या प्रयत्नात तो लगेच बाद झाला. मीन्सला किमान म्हणजे २७ फलंदाजांनाच तोंड द्यावे लागले. व्यावसायिक बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये केवळ या नियमामुळे निर्दोष सामना हुकल्याचे ते पहिले उदाहरण ठरले.

अशा उदाहरणांच्या आधारे हा नियम कालबाह्य असल्याची टीका वेळोवेळी होते. पिचरने आपले काम चोख केले असता फलंदाजाला दुसरी संधी का, हा तिचा आशय. ‘तीन स्ट्राइक’ या शब्दप्रयोगाने अमेरिकेच्या लोकव्यवहारात अंतिमतेचा अर्थ इतका दृढ केला आहे, की वॉशिंग्टन (१९९३) व कॅलिफोर्निया (१९९४) या राज्यांतील वारंवार गुन्हे करणाऱ्यांविरुद्धचे कठोर कायदेही त्याच नावाने ओळखले जातात. ज्या खेळातून हा शब्द घेतला, त्यात तिसऱ्या स्ट्राइकनंतरही एक वाट मोकळी असते, याची जाणीव त्या वापरात दिसत नाही. टीकेला उत्तर असे, की पिचरने कोणता चेंडू टाकावा यावर या नियमाचा अंकुश आहे. नियम नसता, तर दोन स्ट्राइकनंतर जमिनीत आपटणारे चेंडू टाकून फलंदाजाला मोहात पाडण्यात कसलाच धोका उरला नसता. आज असा चेंडू टाकावयाचा, तर आपल्या कॅचरवर पूर्ण विश्वास असावा लागतो. दुबळ्या कॅचरबरोबर खेळणारी पिचर आपले उत्तम अस्त्र निर्णायक क्षणी वापरण्यास कचरते.

क्रिकेटवर वाढलेल्या महाराष्ट्रातील खेळाडूंना हा नियम आरंभी परका वाटतो. शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांत तिसऱ्या स्ट्राइकनंतर मान खाली घालून परतणारे फलंदाज आणि चेंडू हातात घेऊन स्वस्थ उभे राहणारे कॅचर यांमुळे पुष्कळदा दिसून येतात. वास्तविक क्रिकेटमध्येही चुकलेला चेंडू मृत नसतो. यष्टिरक्षकाला तो अडविता आला नाही, तर फलंदाज ‘बाय’ची धाव घेतात, आणि रेषेबाहेर राहिल्यास यष्टिचीतही होतात. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये चुकण्यांची मोजदाद होत नाही. चेंडू चुकला तरी पुढे काय होते ते यष्टिरक्षकावर अवलंबून असते, हे तेथील फलंदाजाला अंगवळणी पडलेले असते. सॉफ्टबॉल शिकविताना या ओळखीच्या अनुभवापासून प्रारंभ केल्यास तिसऱ्या स्ट्राइकनंतर धावण्याची सवय लवकर लागते. बॅट टाकून फलंदाजाने प्रथम धावावे, आणि बेस व्यापलेला होता की मोकळा, गडी किती बाद होते, हे पंचाला ठरवू द्यावे, असे अनेक प्रशिक्षक सांगतात. कॅचरला मात्र हा हिशेब चेंडू येण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो.